बॅग हरवते कुठे? सरकता पट्टा, यंत्रं आणि विमानाच्या पोटातला लोडर

बोइंग ७३७ च्या पोटात उभं राहता येत नाही. प्रवाशांच्या पायाखाली सामानाचा जो कप्पा असतो, त्याची उंची सव्वा मीटरपेक्षा कमी. दहा वर्षांचं मूलसुद्धा तिथे मान वाकवूनच चालेल. लोडर तिथे गुडघ्यांवर बसतो. खालून तिरक्या पट्ट्यावरून बॅग वर येते, दारातला लोडर ती आत सरकवतो, आतला लोडर अंग वळवून ती उचलतो आणि भिंतीपासून दाराकडे थरावर थर लावत येतो. एका विमानात अशा शंभर-दीडशे बॅगा. सरासरी बॅग पंधरा किलोची धरली, तर दीडशे बॅगांचे सव्वादोन टन झाले. हे झालं एका विमानाचं. एका पाळीत अशी अनेक विमानं येतात, काही भरायची, काही उपसायची.

आपल्याला यातलं काही दिसत नाही. आपण काउंटरवर बॅग ठेवतो, तिला टॅग लागतो, ती रबरी पडद्याआड जाते आणि काही तासांनी दुसऱ्या गावी फिरत्या पट्ट्यावर उगवते. कधी उगवत नाही. मग कुणी म्हणतं, 'एवढी यंत्रं असून काय उपयोग', कुणी म्हणतं, 'तिथली माणसं बेफिकीर.' मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. मोठ्या विमानतळावर बॅग कित्येकदा काही किलोमीटर यंत्रावर जाते आणि शेवटचे काही मीटर माणसाच्या हातावर. यंत्राने माणसाकडे दिलं, माणसाने परत यंत्राकडे दिलं, असं अनेकदा घडतं आणि चुका बहुतेक या देवघेवीच्या जागी होतात. म्हणून विमानतळावर यंत्रं कोणती आणावीत आणि लोडरला कामाची परिस्थिती कशी मिळावी, हे दोन प्रश्न मी वेगळे काढू शकत नाही. एकाकडे दुर्लक्ष करून दुसरा सोडवायला गेलेल्यांची फजिती जगाने पाहिली आहे. पण आधी बॅगेचा प्रवास समजून घेऊ.

दहा आकडे आणि एक निरोप

टॅगवर मोठ्या अक्षरांत छापलेला विमानतळाचा तीन अक्षरी संकेत माणसांसाठी असतो. यंत्र वाचतं ते बारकोड, आणि बारकोडात असतो दहा आकडी नंबर. या धंद्यात त्याला 'लायसन्स प्लेट' म्हणतात, म्हणजे बॅगेची नंबर प्लेट. त्यातला दुसरा, तिसरा आणि चौथा आकडा विमान कंपनीचा. केएलएमची बॅग असेल तर ०७४. शेवटचे सहा आकडे त्या बॅगेचे स्वतःचे.

या नंबरात तुमचं नाव नसतं, उड्डाण नसतं, बॅग कुठे जायची तेही नसतं. टॅग छापला जातो तेव्हाच काउंटरवरच्या संगणकातून एक निरोप सुटतो: अमुक नंबरची बॅग, अमुक प्रवासी, अमुक उड्डाण, वाटेत अमुक ठिकाणी विमान बदलायचं. हा निरोप बॅगेच्या आधी वर्गवारीच्या संगणकाकडे पोचावा लागतो. नंबर आहे पण निरोप नाही, अशी बॅग यंत्राच्या लेखी पत्ता नसलेलं पाकीट असते.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं टर्मिनल ५ सुरू झालं २७ मार्च २००८ रोजी. सामानाची यंत्रणा नवीकोरी होती आणि महिनोन् महिने चाचण्या झाल्या होत्या. चाचणीच्या काळात खोटे निरोप बाकीच्या यंत्रणांत मिसळू नयेत म्हणून संगणकात एक गाळणी बसवली होती. उद्घाटनाच्या दिवशी ती काढायची राहून गेली, त्यामुळे दुसऱ्या विमान कंपन्यांकडून येणाऱ्या बॅगांचे निरोप अडले आणि त्या बॅगा हाताने वेगळ्या काढायच्या ढिगात जाऊन पडल्या. पण त्या दिवशीची पहिली अडचण संगणकाची नव्हतीच. कामगारांना गाड्या लावायला जागा सापडत नव्हती. कर्मचाऱ्यांच्या सुरक्षा तपासणीला उशीर होत होता. नव्या इमारतीत आपली जागा कुठे, हे अनेकांना नीट ठाऊक नव्हतं, आणि काहींना कामाच्या संगणकात लॉग-इनच करता येत नव्हतं. पट्टे बॅगा आणून टाकत राहिले, उचलायला माणसं पोचली नव्हती. काही तासांत सगळं तुंबलं. पुढच्या दिवसांत सुमारे २८,००० बॅगा साचल्या, त्यांतल्या काही तर वर्गवारीसाठी ट्रकने इटलीत मिलानला पाठवाव्या लागल्या. यंत्रावर अतोनात खर्च झाला होता, आणि यंत्र चालवणारा माणूस सकाळी कुठून आत शिरणार याचा विचार मात्र अपुरा पडला होता.

रोजच्या कामात बॅग काउंटरवरून निघाली की सहसा आधी तपासणीच्या यंत्रात जाते. हे यंत्र दवाखान्यातल्या सीटी स्कॅनच्या जातीचं असतं. बहुतेक बॅगा संगणकच पुढे सोडतो. शंका आली तर चित्र पडद्यावर अधिकाऱ्याकडे जातं, तरीही शंका उरली तर बॅग बाजूला काढून तपासतात. मग वाटेवर एक कमान लागते, तिला चारी बाजूंनी लेझर किंवा कॅमेरे असतात. टॅग चुरगळला असेल, बॅगेखाली दबला असेल किंवा आधीच्या प्रवासाचा जुना टॅग अजून लटकत असेल, तर कमानीला नंबर लागत नाही किंवा दोन नंबर लागतात. अशी बॅग वळणावर बाजूला फेकली जाते आणि तिथे एक माणूस हातातल्या स्कॅनरने टॅग वाचतो. गर्दीच्या वेळी या एका कोपऱ्यातल्या माणसावर किती उड्डाणांचं भवितव्य टांगलेलं असतं, याची कल्पना बाहेर कुणाला नसते.

नंबर लागलेली बॅग आपल्या उड्डाणाच्या घसरगुंडीवर जाऊन पडते. खाली लोडर तो टॅग पुन्हा स्कॅन करून बॅग डॉलीवर म्हणजे चाकांच्या गाड्यावर किंवा कंटेनरमध्ये रचतो. ट्रॅक्टर अशा गाड्यांची माळ ओढत विमानापाशी नेतो.

प्रवासी नाही तर बॅगही नाही

प्रवासी विमानात चढलाच नाही तर त्याची बॅग शोधून उतरवतात. त्यात वेळ जातो, विमानातले लोक चुळबुळतात. या नियमामागे मोठं दुःख आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' हे विमान अटलांटिकवर स्फोटात कोसळलं आणि ३२९ माणसं गेली. बॉम्ब एका बॅगेत होता, आणि ती बॅग देणारा माणूस विमानात चढलाच नव्हता. त्याच दिवशी, त्याच्या तासभर आधी, टोकियोजवळच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या एका बॅगेचा स्फोट झाला. तीही एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढायची होती. ती हाताळणारे दोन कामगार जागीच ठार झाले. कनिष्कची आठवण निघते तेव्हा या दोघांचा उल्लेख क्वचितच होतो. सामानाच्या कामात जोखीम कुणाच्या हातात असते, हे मला त्या घटनेइतकं दुसऱ्या कशातून कळलं नाही.

१९८८ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमध्ये लॉकरबीवर पॅन ॲमचं विमान बॅगेतल्या बॉम्बने पडलं, आणि त्यानंतर प्रवासी व बॅग यांची जोडी जुळवण्याचा नियम जगभर कडक झाला. म्हणजे प्रत्येक बॅग कुठे आहे हे सुरक्षेसाठीही ठाऊक असावं लागतं. कप्पा भरताना कुठल्या कंटेनरमध्ये कुठली बॅग गेली याची नोंद लोडरच्या हातातला स्कॅनर करत असतो. तो स्कॅनर बंद पडला, बॅटरी संपली, पावसात पडदा दिसेनासा झाला, की लोडरला कागदावर खुणा करत काम रेटावं लागतं.

सगळ्यात नाजूक जागा

विमान वाहतुकीसाठी संगणकीय सेवा देणारी सीता ही संस्था दरवर्षी जगभरातल्या चुकलेल्या बॅगांचा हिशेब मांडते. २००७ मध्ये दर १,००० प्रवाशांमागे जवळजवळ १९ बॅगा चुकत होत्या. २०२४ मध्ये हा आकडा ६.३ होता. चुकलेल्या म्हणजे सगळ्या हरवलेल्या नव्हेत. बहुतेक उशिरा पोचतात, काहींची मोडतोड होते. सुधारणा खरी आहे आणि ती आपोआप झालेली नाही. स्कॅनर वाढले, संगणक एकमेकांशी बोलू लागले, आणि जून २०१८ पासून आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने आपल्या सदस्यांना बंधन घातलं की बॅगेची नोंद किमान चार ठिकाणी झालीच पाहिजे: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, विमान बदलताना सोपवली जाते तेव्हा आणि प्रवाशाला परत देताना.

उरलेल्या चुकांत सगळ्यात मोठा वाटा विमान बदलणाऱ्या बॅगांचा, दहातल्या चारांच्या आसपास. कारण साधं आहे. पहिलं विमान अर्धा तास उशिरा आलं, तर प्रवासी धावत दुसरं गाठू शकतो. बॅगेला धावता येत नाही. तिला आधी कप्प्यातून उतरायचं, गाडीवर चढायचं, विमानतळ ओलांडायचा, पट्ट्यावर पडायचं, काही देशांत पुन्हा तपासणीतून जायचं, मग दुसऱ्या गाडीवर, मग दुसऱ्या कप्प्यात. या साखळीत पट्टा वेगाने चालला तरी उतरवणारे दोघे दुसऱ्या विमानावर अडकले असतील, तर बॅग विमानाच्या पोटातच वाट पाहते. अशा बॅगेला मागाहून 'रश' टॅग लावून पुढच्या विमानाने पाठवतात.

बारकोडच्या जागी रेडिओ लहरींनी वाचला जाणारा टॅग, म्हणजे आरएफआयडी, इथे फार कामाचा ठरतो. त्याला कमानीसमोर नीट दिसावं लागत नाही. बॅगेखाली दबला तरी वाचला जातो. अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने २०१६ मध्ये पाच कोटी डॉलर खर्चून अशी यंत्रणा बसवली, आणि पट्ट्यावर चुकीच्या विमानाची बॅग आली तर लोडरला तिथेच इशारा मिळू लागला. तरी हा टॅगही 'बॅग इथे आहे' एवढंच सांगतो. इथून तिथे न्यायला माणूस आणि गाडी लागतेच.

डेन्व्हरचा धडा

'माणूस मधून काढूनच टाकू' हा विचार सगळ्यात मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत डेन्व्हरला करून पाहिला गेला. नव्या विमानतळाची बांधणी सुरू झाल्यानंतर ठरलं की सगळ्या विमानतळासाठी एकच स्वयंचलित यंत्रणा हवी. रुळांवर हजारो छोट्या गाड्या धावणार, प्रत्येक गाडीत एक बॅग, आणि बॅगा चालत्या गाडीत पडणार. मूळ कंत्राट सुमारे १९ कोटी ३० लाख डॉलरचं होतं. १९९४ मध्ये वार्ताहरांना प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलं, आणि त्यांच्यासमोर बॅगा उडाल्या, फाटल्या, कपडे रुळांवर पसरले.

नेमकं काय चुकलं? बॅगा नेण्यापेक्षा रिकाम्या गाड्या हव्या तिथे, हव्या त्या क्षणी हजर ठेवणं अवघड निघालं. एका टोकाला अचानक गर्दी झाली की रिकाम्या गाड्या तिकडे पळायच्या आणि दुसऱ्या टोकाच्या बॅगा वाट पाहत बसायच्या. रिक्षाच्या थांब्यावर कधी दहा रिक्षा उभ्या, कधी एकही नाही, तसं. शिवाय इमारतीचे बोगदे आणि वळणं आधीच ठरलेली होती, आणि यंत्र त्यात कोंबावं लागलं. विमानतळ १६ महिने उशिरा, २८ फेब्रुवारी १९९५ रोजी उघडला, तोही बहुतांश बॅगा जुन्याच पद्धतीने ट्रॅक्टर आणि गाड्यांवर नेत. स्वयंचलित यंत्रणा युनायटेड या एका कंपनीच्या कामापुरती उरली. तिच्या देखभालीलाच महिन्याला दहा लाख डॉलर लागायचे. २००५ मध्ये तीही बंद केली.

यावरून स्वयंचलनच नको असा निष्कर्ष काढणारे आहेत, आणि तो मला पटत नाही. जर्मनीत फ्रँकफर्टची यंत्रणा सुमारे ८० किलोमीटर लांब आहे आणि रोज काम करते. तिथे प्रत्येक बॅग एका ट्रेमध्ये ठेवतात. एकदा ट्रे आणि बॅगेची जोडी जमली की पुढे यंत्राला ट्रेचाच माग ठेवायचा असतो. बॅगेचे पट्टे, चाकं, वेडेवाकडे आकार यांच्याशी त्याला झगडावं लागत नाही. वाढत वाढत, चुका दुरुस्त करत उभी राहिलेली यंत्रणा आणि एका झटक्यात सगळं बदलू पाहणारी यंत्रणा, यांतला हा फरक आहे.

२३ किलो कुणासाठी?

आता पुन्हा विमानाच्या पोटात जाऊ, कारण माझा जीव तिथे अडकतो.

अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने, तिचं नाव नायॉश, वजन उचलण्यासाठी एक सूत्र तयार केलं आहे. ते सुरू होतं २३ किलोपासून. योगायोग असा की अनेक विमान कंपन्यांत बॅगेची नेहमीची मर्यादाही २३ किलोच आहे. पण सूत्रातले २३ किलो आदर्श परिस्थितीतले आहेत: वजन अंगाजवळ, कमरेच्या सुमारास, पकड चांगली, अंग न वळवता, अधूनमधून एखाद्या वेळी. वजन अंगापासून लांब गेलं की आकडा खाली येतो. अंग वळवलं की आणखी खाली. मिनिटाला अनेकदा उचललं की आणखी. आणि गुडघ्यांवर बसून किंवा अरुंद जागेत उचलायचं असेल, तर हे सूत्र वापरूच नये असं त्याच मार्गदर्शनात सांगितलं आहे. म्हणजे ७३७ च्या पोटातलं काम त्या हिशेबाच्या बाहेरच पडतं.

कोपनहेगन विमानतळावरच्या सामान-कामगारांचा संशोधकांनी वर्षानुवर्षे मागोवा घेतला. या कामात जितकी जास्त वर्षं गेली, तितके खांद्याचे आणि गुडघ्यातल्या गादीचे विकार वाढलेले दिसले. याला तरुणपणी हौसेने केलेलं मेहनतीचं काम म्हणून सोडून देता येत नाही. पन्नाशीत जिना चढताना त्याची किंमत मोजावी लागते.

मोठ्या विमानांत कंटेनर असतात. ते खाली भरून यंत्राने आत चढवतात, त्यामुळे कप्प्यात गुडघ्यांवर बसावं लागत नाही. एअरबस ए३२० मध्येही छोटे कंटेनर बसवण्याची सोय घेता येते, पण अनेक कंपन्या ती घेत नाहीत, कारण वजन वाढतं आणि सामग्री वेगळी लागते. ७३७ मध्ये ती सोयच नाही. तरी उपाय आहेत. विमानाच्या दारातून आत वळून लोडरच्या हातापर्यंत पोचणारा रोलरचा लवचीक पट्टा मिळतो. बॅग त्यावरून सरकत येते आणि थराच्या उंचीला थांबते, उचलावी कमी लागते आणि ढकलावी जास्त. कप्प्याच्या जमिनीवर सरकणारा गालिचा बसवता येतो, रचलेला ढीगच्या ढीग आत सरकतो. खालच्या वर्गवारी खोलीत हवेच्या ओढीने बॅग उचलणारी नळी असते; कामगार फक्त दिशा देतो.

रोबोचे हात पट्ट्यावरून बॅगा उचलून कंटेनर भरतात, तेही काही ठिकाणी सुरू आहे, ॲमस्टरडॅमच्या स्किपोलला त्याचा बराच अनुभव आहे. पण बॅगा मऊ असतात, बेढब असतात, पट्टे लोंबत असतात. डोळ्याला दिसणारी 'ही कोपऱ्यात बसेल' ही गोष्ट यंत्राला शिकवणं अजून कष्टाचं आहे. म्हणून रोबोचं छायाचित्र पाहून मी हरखून जात नाही. त्या मानाने साधा रोलरचा पट्टा मला मोठी सुधारणा वाटतो. तो कुणाची नोकरी घेत नाही आणि गुडघे वाचवतो.

मात्र एक ग्यानबाची मेख आहे. उचलायची नळी आणून ठेवली की ती वापरली जाईलच असं नाही. नळीने एक बॅग उचलायला हातापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. विमान निघायला वीस मिनिटं, माणसं चाराऐवजी दोन, बॅगा तेवढ्याच. अशा वेळी कामगार नळी बाजूला सारतो आणि हात घालतो. नंतर पर्यवेक्षक म्हणतो, 'साधनं दिली होती, ते वापरत नाहीत.' साधन वापरायला लागणारा वेळ आणि माणूसबळ वेळापत्रकात धरलं नसेल, तर ते साधन दिलं असं म्हणता येणार नाही. स्किपोलवर अखेर नेदरलँड्सच्या कामगार निरीक्षकांना २०२३ मध्ये हस्तक्षेप करून कंपन्यांना उचलीचा भार कमी करायला लावावं लागलं.

२०२२ चा उन्हाळा

करोनाच्या काळात विमानं उभी राहिली आणि हजारो लोडर घरी गेले. २०२२ मध्ये प्रवासी अपेक्षेपेक्षा लवकर परतले. लोडर परतले नाहीत. त्यांनी गोदामांत, डिलिव्हरीत, बांधकामावर काम शोधलं होतं, जिथे पहाटे तीनची पाळी नव्हती आणि पगारही कित्येकदा बरा होता. नवा माणूस घ्यायचा तर विमानतळावर पार्श्वभूमी तपासल्याशिवाय पास मिळत नाही, आणि त्यात आठवडे जातात.

एप्रिलमध्ये स्किपोलवर केएलएमच्या सामान-कामगारांनी अचानक काम थांबवलं आणि विमानतळ कोलमडला. जुलैत हीथ्रोने दिवसाला १ लाखाहून जास्त प्रवासी निघू द्यायचे नाहीत असं ठरवलं. त्याच महिन्यात डेल्टाचं एक मोठं विमान हीथ्रोहून डेट्रॉइटला एकही प्रवासी न घेता उडालं. पोटात होत्या अडकून पडलेल्या १,००० बॅगा. दर हजारी चुकलेल्या बॅगांचा जागतिक आकडा त्या वर्षी ७.६ वर गेला. आदल्या वर्षी तो ४.३५ होता. पट्टे तेच होते, संगणक तेच, स्कॅनर तेच.

स्किपोलने त्या जूनमध्ये कामगार संघटनांशी करार करून उन्हाळ्यापुरते ताशी ५.२५ युरो जास्त द्यायचं कबूल केलं. म्हणजे पैसे वाढवता येत होते. आधी का वाढले नाहीत? इथे कंत्राटांचं गणित येतं. सामान हाताळणं हे काम अनेक ठिकाणी विमान कंपनी स्वतः करत नाही. ती ठेकेदार कंपनीला देते. युरोपात १९९६ च्या एका निर्देशाने मोठ्या विमानतळांवर या कामात स्पर्धा खुली केली. स्पर्धेने दर उतरले. पण या धंद्यात खर्चाचा मोठा भाग मजुरीच असतो, म्हणून कमी दराची निविदा जिंकायची तर कात्री मजुरीला, माणसांच्या संख्येला किंवा प्रशिक्षणाला लागते. ठेकेदार बदलला की कामगाराची ज्येष्ठता पुन्हा शून्यावर येण्याचा धोका असतो. रोलरचा पट्टा विकत घ्यायचा तर तो तीन वर्षांच्या कंत्राटात कोण घेणार? फायदा पुढच्या ठेकेदाराला.

ऑस्ट्रेलियात क्वांटासने २०२० मध्ये सामान आणि जमिनीवरची कामं बाहेर देऊन सतराशेहून जास्त कामगारांना काढलं. ते प्रकरण कोर्टात गेलं, २०२३ मध्ये तिथल्या उच्चतम न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं आणि २०२५ मध्ये कंपनीला ९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. वाचवायला निघालेला पैसा असाही परत जातो.

मग यंत्रं कुठे आणि माणूस कसा?

माझ्या मते यंत्र आधी तिथे यावं जिथे शरीर मोडतं: विमानाचा कप्पा आणि घसरगुंडीखालची रचाई. आणि ते यंत्र विमानतळाने स्वतः घ्यावं, सगळ्या ठेकेदारांना वापरायला द्यावं, म्हणजे कंत्राटाच्या मुदतीत ते अडकणार नाही.

दुसरी जागा आहे वेळ. लवकर आलेल्या बॅगांसाठी मोठ्या विमानतळांवर एक गोदाम असतं, मजल्यावर मजले असलेल्या मांडण्यांचं. चार तास आधी आलेली बॅग तिथे मांडणीत जाते आणि उड्डाणाची वेळ झाली की यंत्र ती बाहेर काढतं. याचा खरा उपयोग मला लोडरच्या बाजूने दिसतो. पूर्वी बॅगा येतील तशा अंगावर यायच्या: तासभर शांतता, मग अचानक तीन उड्डाणांच्या एकत्र. गोदाम असेल तर एका उड्डाणाच्या बॅगा एकत्र जमवून ठरलेल्या वेळी, ठरलेल्या गतीने सोडता येतात. मग उचलायची नळी वापरायला वेळ मिळतो, स्कॅन टाळला जात नाही, श्वास घ्यायला फट मिळते. यंत्र माणसाला वेळ मिळवून देतं, आणि त्या वेळेमुळे चुका कमी होतात.

बाकीच्या गोष्टी जुन्याच आहेत, आणि त्यांना संगणक लागत नाही. पाळीचं वेळापत्रक काही आठवडे आधी कळणं. कप्प्यातलं आणि बाहेरचं काम आलटून पालटून मिळणं. भट्टीसारख्या तापलेल्या काँक्रीटवर पाणी आणि सावली, इंजिनाच्या आवाजात कानाला संरक्षण. नव्या माणसाला गर्दीच्या दिवशी एकट्याला न सोडणं. आणि नवी यंत्रणा बसवताना तिच्यासमोर आठ तास उभा राहणाऱ्याला आधी विचारणं. पट्टा दहा सेंटीमीटर उंच हवा होता, हे त्याच्या पाठीला पहिल्या दिवशी कळतं, पण तोवर काँक्रीट सुकलेलं असतं.

बॅग आपली असेल तेव्हा

प्रवाशाच्या हातात थोडं असतं, पण ते करावं. जुने टॅग आणि त्यांचे छोटे बारकोडचे तुकडे खरवडून काढावेत. कमानीला गोंधळात टाकणारे तेच. लोंबणारे पट्टे आत खोचावेत. नाव आणि फोन नंबर बॅगेच्या आतही ठेवावा, कारण बाहेरचा टॅग तुटला तर शोधणारा बॅग उघडून पाहतो. काउंटरवर मिळालेली टॅगची पावती जपावी, दहा आकडे त्यावर असतात. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार नोंदवावी. माँट्रियल कराराप्रमाणे आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटली असेल तर ७ दिवसांत, आणि उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून २१ दिवसांत कंपनीला लेखी कळवावं लागतं. २१ दिवस उलटूनही ती आलीच नाही तर हरवली असं धरून भरपाई मागता येते.

आणि वजन. एका बॅगेला ३२ किलोची वरची मर्यादा जवळजवळ सगळीकडे आहे, जास्तीचे पैसे भरायची तयारी असली तरी. ही मर्यादा विमानासाठी नाही, विमानाला एका बॅगेतल्या दोन-चार किलोंनी फरक पडत नाही. ती लोडरसाठी आहे. २३ च्या वर गेलेल्या बॅगेला काउंटरवर 'हेवी'ची चिठ्ठी लावतात, म्हणजे पुढच्याने सांभाळून, शक्यतो दोघांनी उचलावी. पण ७३७ च्या कप्प्यात दोन माणसं शेजारी गुडघ्यांवर बसून एक बॅग उचलतील एवढी जागा नसते. तीस किलोचं सामान पंधरा-पंधराच्या दोन बॅगांत भरता येत असेल, तर तसं भरा.